खासदारकीला मर्यादा घालायची, की तिकिटाच्या मक्तेदारीला?

'खासदाराला दोनच टर्म द्या, तिसऱ्यांदा उभेच राहू देऊ नका.' ही मागणी आता केवळ नाक्यावरची राहिलेली नाही. वकील, प्राध्यापक, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, सगळेच ती मांडतात. त्यासाठी घटनादुरुस्ती करावी, असेही सुचवले जाते. आंबेडकरी समाजातील तरुणांना ही मागणी विशेष भावते, कारण ठरावीक घरांतच फिरणारी सत्ता त्यांनी जवळून पाहिली आहे. मागणीमागचा राग खरा आहे. पण राग खरा असला म्हणून उपाय बरोबर असतोच असे नाही. घटनेला हात लावायचा असेल, तर आपण तरी आधी हिशोब मांडला पाहिजे. खुर्ची अडवून नेमके कोण बसले आहे, आणि मर्यादा घातल्यावर ती कोणाच्या हाती जाईल?

घटनेत आज काय आहे

संसद सदस्य होण्यासाठी काय पात्रता लागते ते कलम ८४ मध्ये आहे. लोकसभेसाठी वय २५, राज्यसभेसाठी ३०. कोण अपात्र ठरतो ते कलम १०२ मध्ये आहे. किती वेळा निवडून यावे, याबद्दल दोन्ही कलमे गप्प आहेत. राष्ट्रपतीपदालाही कलम ५७ ने अशी मर्यादा घातलेली नाही. डॉ. राजेंद्र प्रसाद १९५० ते १९६२ या पदावर होते. त्यांच्यानंतर कोणी दुसऱ्यांदा राष्ट्रपती झाले नाही, ती प्रथा पडली म्हणून. घटनेची सक्ती होती म्हणून नव्हे.

ही दोन्ही कलमे संसदेला कायद्याने आणखी पात्रता-अपात्रता ठरवण्याची मुभा देतात. त्यामुळे साध्या कायद्यानेही टर्मची मर्यादा घालता येईल, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण एवढा मोठा बदल टिकवायचा असेल तर कलम ३६८ चाच रस्ता धरावा लागेल. म्हणजे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत. ज्यांना घरी पाठवायचे, त्यांनीच हात वर करायचे आहेत. अमेरिकेत हा प्रयोग झाला. मार्च १९९५ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात अशा घटनादुरुस्तीच्या बाजूने २२७ आणि विरोधात २०४ मते पडली. साधे बहुमत मिळाले, दोन तृतीयांश मिळाले नाही, विषय संपला. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने स्पष्ट केले, की राज्यांना आपापल्या पातळीवर ही मर्यादा घालता येणार नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडताना या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे विवेचन केले होते. सरकारला स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. आपण संसदीय पद्धत स्वीकारली ती जबाबदारीला झुकते माप देण्यासाठी. या पद्धतीत कारभाराचा हिशोब दोन ठिकाणी होतो. सभागृहात सदस्य तो रोज घेतात, प्रश्न विचारून, ठराव आणून. आणि मतदार तो ठरावीक काळाने घेतात, मतपेटीतून. टर्मची मर्यादा घालणे म्हणजे दुसऱ्या हिशोबाला कात्री लावणे. ज्याला पुन्हा उभेच राहायचे नाही, तो शेवटच्या पाच वर्षांत मतदाराला कशाला भिईल? तेव्हा ही कात्री लावण्याआधी मतदार आपला हिशोब घेत नाही, हे तरी सिद्ध व्हायला हवे.

मुंबईचा मतदार काय करत आला

आपल्याच भागाचे निकाल काढून पाहू. दादर-माहीम-धारावीचा पट्टा २००८ च्या फेररचनेपूर्वी उत्तर मध्य मुंबईत येत असे. तिथे १९७७ ते २००४ या काळात नऊ निवडणुका झाल्या. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, शरद दिघे, विद्याधर गोखले, पुन्हा शरद दिघे, नारायण आठवले, रामदास आठवले, मनोहर जोशी, एकनाथ गायकवाड. नऊ निवडणुकांत आठ माणसे, आणि लागोपाठ दोनदा एकही नाही. सर्व रंगांचे पक्ष आले आणि गेले. कोणत्याही घटनादुरुस्तीशिवाय मतदारांनी इथे एका टर्मची मर्यादा पाळली.

दक्षिण मुंबईत, म्हणजे गिरगाव-काळबादेवीच्या पट्ट्यात, स. का. पाटील १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीनदा निवडून आले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून त्यांची ख्याती होती. १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना हरवले. लालबाग-परळच्या गिरणगावाने १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, संपातले नेते डॉ. दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले आणि १९८९ मध्ये त्यांच्या जागी वामनराव महाडिक यांना निवडले. त्यानंतर याच दक्षिण मध्य मुंबईतून मोहन रावले लागोपाठ पाच वेळा निवडून आले, १९९१ ते २००४. म्हणजे दीर्घकाळ एकच खासदार ठेवायचा की बदलायचा, हे इथला मतदार स्वतः ठरवत आला आहे.

रावले यांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. पाच टर्म म्हटल्यावर पंचवीस वर्षे वाटतात. प्रत्यक्षात १९९१ ते २००९ ही अठरा वर्षे भरतात, कारण मधल्या दोन लोकसभा अर्ध्यावरच विसर्जित झाल्या. मर्यादा टर्ममध्ये मोजायची की वर्षांत, हा तांत्रिक वाटणारा मुद्दा इथे महत्त्वाचा होतो. आपल्या समाजासाठी तर तो कळीचाच आहे.

आपल्या खासदारांना किती काळ मिळाला

मुंबईतल्या सहा लोकसभा मतदारसंघांपैकी एकही अनुसूचित जातींसाठी राखीव नाही. या शहरातून आंबेडकरी माणूस लोकसभेत जायचा तर तो खुल्या जागेवरूनच जाणार. त्या वाटेवर काय घडले ते पाहू.

१९५२ मध्ये स्वतः बाबासाहेब उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे चौदा हजार मतांनी पराभूत झाले. ही जागा तेव्हाच्या द्विसदस्यीय मतदारसंघातली राखीव जागा होती. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून कॉम्रेड डांगे यांच्याबरोबर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने निवडून आले. १९६१ मध्ये द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द झाले. १९७७ मध्ये बापूसाहेब उर्फ बी. सी. कांबळे दक्षिण मध्य मुंबईतून गेले, ती लोकसभा अडीच वर्षांच्या आत विसर्जित झाली. १९८० मध्ये बाबासाहेबांचे सहकारी राहिलेले माजी न्यायमूर्ती आर. आर. भोळे काँग्रेसच्या तिकिटावर तिथूनच निवडून आले, एकाच टर्मसाठी.

आणि १९९८. काँग्रेसशी युती करून रिपब्लिकन पक्षाने महाराष्ट्रात चार खुल्या जागा जिंकल्या. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चळवळीच्या इतिहासातला तो मोठा क्षण होता. ती लोकसभा टिकली जेमतेम तेरा महिने. १९९९ मध्ये चौघांपैकी दोघेच लोकसभेत परत गेले.

ही यादी नीट वाचली तर दिसते, की आंबेडकरी खासदार खुर्चीला चिकटून बसले ही आपली अडचण कधीच नव्हती. त्यांना बसूच दिले गेले नाही. संसदेत नवा सदस्य पहिली एक-दोन वर्षे नियम, समित्या, प्रश्न विचारण्याची पद्धत शिकण्यात घालवतो. ज्याच्या मागे पैसा, घराणे, सचिवांचा ताफा आहे, त्याला ही शिकवणी घरीच मिळते. चाळीतून आलेल्या कार्यकर्त्याला ती सभागृहातच घ्यावी लागते, आणि शिकून तयार होईपर्यंत लोकसभा विसर्जित. 'दोन टर्म' असा नियम उद्या झाला आणि तेरा महिन्यांची लोकसभाही त्यात एक टर्म धरली, तर पहिला फटका अशाच माणसाला बसेल.

अनुभवाची किंमत काय असते याचे उदाहरण मुंबईतच आहे. प्रा. मधू दंडवते बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. राजापूरने त्यांना १९७१ पासून लागोपाठ पाच वेळा लोकसभेत पाठवले. दोन टर्मचा नियम असता तर १९८० मध्येच ते घरी बसले असते. विधानसभेत सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, आणि त्यांच्या साधेपणाबद्दल विरोधकही आदराने बोलत.

मर्यादा घातलेल्या देशांत काय झाले

मेक्सिकोने १९३३ मध्ये खासदारांना लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास बंदी घातली. ती पुढे ऐंशी वर्षे चालली. या काळात तिथे सत्ता कोणाकडे होती? १९२९ पासून २००० पर्यंत एकाच पक्षाकडे. कारण उघड आहे. खासदाराला पुन्हा मतदाराकडे जायचे नसल्यामुळे पुढचे पद कोण देणार याकडेच त्याचे लक्ष. ते पद पक्षाचे श्रेष्ठी देत. माणसे दर खेपेला बदलली, मालक तेच राहिले. २०१४ मध्ये मेक्सिकोने ही बंदी सैल करून लागोपाठ बारा वर्षांची मुभा दिली. २०२५ मध्ये पुन्हा घटना बदलून २०३० पासून जुनी बंदी आणायचे ठरवले. एवढा जुना अनुभव असलेल्या देशालाही याचे उत्तर सापडलेले नाही.

फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेने प्रतिनिधींना लागोपाठ तीन आणि सिनेटरांना लागोपाठ दोन टर्मची मर्यादा घातली. परिणाम असा, की बापाची मुदत संपली की मुलगा, मुलाची संपली की सून. त्याच घटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई करणारे कलमही आहे, पण घराणेशाही म्हणजे काय हे कायद्याने ठरवायचे असे त्यात लिहिले आहे, आणि तो कायदा संसदेने आजवर केलेला नाही. त्या संसदेत घराणीच बसलेली आहेत, कायदा करणार कोण?

हे परदेशातले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. दक्षिण मुंबईत १९८४ ते २०१४ या तीस वर्षांपैकी सुमारे तेवीस वर्षे खासदारकी एकाच घरात होती, आधी मुरली देवरा आणि मग मिलिंद देवरा. मुलाच्या लोकसभेतल्या टर्म दोनच आहेत, म्हणजे नियमात बसणाऱ्या. आज ते राज्यसभेत आहेत. उलट दिशेने अनिल देसाई राज्यसभेच्या दोन टर्म करून २०२४ मध्ये दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेत आले. एकनाथ गायकवाड यांच्या कन्या वर्षा गायकवाड धारावीच्या चार वेळा आमदार होऊन २०२४ मध्ये खासदार झाल्या, आणि धारावीची आमदारकी त्यांच्या भगिनीकडे आली. यात कोणीही बेकायदा काही केलेले नाही, सगळे निवडून आले आहेत. मुद्दा एवढाच, की माणसामागे टर्म मोजणारा नियम घराला, पक्षाला आणि दुसऱ्या सभागृहाला हात लावत नाही.

वॉर्डाच्या सोडतीतला धडा

खरे तर टर्मची एक अघोषित मर्यादा आपण मुंबईत अनुभवतो आहोत. ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांत राखीव जागा आल्या आणि त्या फिरत्या ठेवण्याची सोय झाली. मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांची सोडत नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली, त्यात १५ प्रभाग अनुसूचित जातींसाठी. चिठ्ठी निघते आणि रातोरात प्रभागाचे नशीब बदलते. राखीव प्रभागातून आलेली नगरसेविका पाच वर्षांत गटार, पाणी, शौचालय, दवाखाना या सगळ्याची खडान्‌खडा माहिती करून घेते. पुढच्या सोडतीत प्रभाग खुला होतो. खुल्या प्रभागात तिला तिकीट द्यायला किती पक्ष तयार होतात? अंगावर चार पैसे असलेला, वरिष्ठांच्या जवळचा माणूस मात्र शेजारच्या प्रभागात सहज जातो, नाहीतर पत्नीला उभी करतो. संधी फिरती ठेवण्याचा हेतू चांगलाच होता. पण तिकीट देणारा हात तोच राहिल्याने फिरतात ती दुबळी माणसे.

उमेदवारीवरच्या अटींचा इतिहासही सावध करणारा आहे. हरियाणाने पंचायत निवडणुकीसाठी शिक्षणाची अट घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती वैध ठरवली, आणि सर्वांत जास्त मार बसला तो दलित स्त्रियांना. अट सर्वांसाठी सारखी असते, तिचा भार सारखा नसतो.

आणखी एक बाजू दादरमध्येच दिसते. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलची जागा केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाची. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक आत शिरले. २०१२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने जागा देण्याचे जाहीर केले. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले, त्यालाही दहा वर्षे उलटली. दरम्यान दक्षिण मध्य मुंबईचे तीन खासदार झाले. मोठी कामे दोन टर्ममध्ये मावत नाहीत. खासदार बदलत राहिला तर फाइलीची आठवण अधिकाऱ्यांकडे राहते. इंदू मिलच्या बाबतीत ती रस्त्यावरच्या माणसाने ठेवली, म्हणून विषय जिवंत राहिला.

मग मागायचे काय

वर्षानुवर्षे तोच चेहरा पाहून येणारा वैताग मी नाकारत नाही. एकदा निवडून आलेल्याकडे पैसा आणि यंत्रणा जमते आणि नव्या माणसाला शिरकाव मिळत नाही, हेही खरे. पण ही कोंडी मतपेटीच्या आधीच, तिकीट वाटपाच्या बंद खोलीत होते. म्हणून आंबेडकरी चळवळीने मागणीचा रोख बदलावा.

पहिली गोष्ट, पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने बंधनकारक कराव्यात. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस केली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे पक्षाची नोंदणी होते, पण पक्षात निवडणूक झाली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही. तो द्यावा, आणि मुदतीची मर्यादा पक्षाध्यक्ष व तिकीट वाटप मंडळाला घालावी. याला घटनादुरुस्तीही लागणार नाही.

दुसरी गोष्ट, दहाव्या परिशिष्टात बदल. १९८५ च्या पक्षांतरबंदीने घाऊक फाटाफूट थांबली नाही, हे महाराष्ट्राने २०२२ पासून पाहिले. मात्र एकट्या खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर त्याची जागा जाते. बाबासाहेबांनी सांगितलेला रोजचा हिशोब इथेच बंद पडला. पक्षादेश फक्त विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता आणि अर्थविषयक विधेयकांपुरता ठेवावा, ही सूचना दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती.

तिसरी गोष्ट, एवढे करूनही खासदारकीला मर्यादा घालायचीच असेल, तर ती वर्षांत मोजावी, अर्धवट लोकसभेची टर्म पूर्ण धरू नये, दोन्ही सभागृहे मिळून मोजावी, कायमची बंदी न घालता एका निवडणुकीची विश्रांती ठेवावी, आणि सुटलेली जागा त्याच घरात जाणार नाही याचा बंदोबस्त त्याच दुरुस्तीत असावा. हा शेवटचा भाग वगळून कोणी विधेयक आणले, तर तो फिलिपिन्सचा रस्ता आहे हे ओळखावे.

या सगळ्यात आपल्या घराचाही विचार हवा. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला. आज त्याचे गट नेत्यांच्या नावांनी ओळखले जातात, आणि नेता हयात असेपर्यंत अध्यक्ष बहुधा तोच. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा आपण दरवर्षी वाचतो. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाच्या सभांचे नियम, गणपूर्ती, मतदान यांची आठवण करून दिली होती. तथागतांनी स्वतःचा वारस नेमला नाही, धम्मच मार्गदर्शक राहील असे सांगितले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या संघटनांत अध्यक्षपदाची मुदत विचारणे हा अपमान समजला जाऊ नये.

सहकारी बँकांच्या संचालकांना कायद्याने सलग दहा वर्षांची मर्यादा आहे. विहाराचा ट्रस्ट, पतसंस्था, शिक्षण संस्था, जयंती उत्सव समिती यांच्या नियमावलीत पदाधिकाऱ्यांसाठी अशीच मुदत लिहायला कलम ३६८ लागत नाही. सर्वसाधारण सभेची नोटीस, गणपूर्ती आणि एक ठराव पुरतो. परळ-नायगावच्या ज्या तरुणांना खासदारांच्या टर्म मोजायच्या आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा ठराव सूचक-अनुमोदकासह मांडावा आणि त्यावर गुप्त मतदान मागावे.